चावीमामांची साक्ष

चावीमामांना सख्खी बहीण नव्हती, तेव्हा सख्खा भाचा असण्याचा प्रश्नच नव्हता. पण वाऱ्यानं दार लागलं, चावी आत राहिली, आणि वर गॅसवर दूध ठेवलेलं, अशा वेळी धापा टाकत आलेल्या बाईला ‘अहो कुलूपवाले’ म्हणायला कुठून सुचणार? ती ‘मामा’च म्हणते. तीस वर्षांत अशा बायका इतक्या झाल्या की अर्ध्या गावाचे ते मामा होऊन बसले. त्यांच्या बायकोला लोक आपोआप मामी म्हणू लागले. मामी म्हणायची, लोकांना एकेक भाचा मिळताना नाकी नऊ येतात, मला घाऊक मिळाले.

बाजाराच्या तोंडाशी एक सलून होतं. त्याच्या पायऱ्यांना लागून चार फूट रुंदीच्या जागेत मामांची टपरी होती. आत लोखंडी पकड बसवलेलं लाकडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या चाव्यांचे झुबके, आणि एक कातडी गुंडाळी. त्या गुंडाळीत मामांची खरी मिळकत होती. करवतीची जुनी पाती तापवून, वाकवून, कानशीनं घासून त्यांनी स्वतः बनवलेले, कुलपात फिरवायचे सतरा आकडे. कुठलाही आकडा डोळे मिटून हातात दिला तरी तो कितवा, हे ते सांगायचे. कुलूप उघडायचं असतं, फोडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. फोडायला काय, कुठल्याही रेड्याला जमेल.

आणखी एक नियम होता. कुणी येऊन म्हणालं की माझं दार उघडून द्या, तर मामा जायचे. पण दारापाशी गेल्यावर आधी शेजारची दोन दारं वाजवायचे. हे घर यांचंच ना, असं दोन्हीकडून ऐकल्याशिवाय गुंडाळी सोडायची नाही. एकदा एका बड्या अधिकाऱ्यालाही त्यांनी त्याच्याच दारात पाऊण तास उभं केलं होतं, कारण दोन्ही शेजारी बाहेर गेलेले. तो चिडला, आणि नंतर सगळ्या ऑफिसात मामांचं नाव करून आला. सचोटीचा माणूस, म्हणाला.

पोलिसांना मात्र हा नियम लागू नव्हता. ठाणं बाजाराच्या पलीकडे, पाच मिनिटांवर. झडतीला जायचं असलं की जीप टपरीसमोर उभी राहायची, हवालदार नुसता हात करायचा, आणि मामा गुंडाळी काखेत मारून मागे बसायचे. दार उघडून झालं की पंच म्हणून सही करायची. म्हणजे झडती माझ्यासमोर झाली, जे सापडलं ते माझ्यासमोर सापडलं, असं लिहून दिलेल्या कागदाखाली आपलं नाव. खरं तर बहुतेक वेळा कागद कोराच असायचा. मजकूर मागाहून ठाण्यात भरला जाई. मामांनी कधी विचारलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो? शिवाय ठाण्याचे साहेब त्यांना ‘मामा’ म्हणायचे, ‘अहो-जाहो’ करायचे, चहा पाजायचे. बाजारात त्याला वजन होतं.

एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला जीप आली. आत बसताना मामांच्या पायाला एक रेक्झिनची पिशवी लागली. ती सरकवायला गेले तर सरकेना, इतकी जड. मग त्यांनी आपली गुंडाळी तिच्यावरच ठेवली आणि बाहेर बघत बसले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, सरकारी इस्पितळातल्या एका नर्सबाईंचं. त्या आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलगा तारेच्या कारखान्यात कामाला, आणि तिथं महिनाभर चाललेल्या संपात पुढे. दाराला कुलूप होतं. मामांनी वाकून पाहिलं. चांगल्या बनावटीचं, आत सहा पट्ट्या असलेलं होतं. दहा मिनिटांचं काम. त्यांनी गुडघे टेकले आणि कान दाराला लावला.

अर्धं काम झालं असेल तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेजारणीनं फोन केला होता. नर्सबाई ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आल्या होत्या. आल्या त्या ओरडल्या नाहीत. श्वास लागला होता तो आधी जागेवर आणला, मग साहेबांना म्हणाल्या, झडतीचा कागद दाखवा. साहेब म्हणाले, कागद मागून येतोय. बाई म्हणाल्या, मग कागद येईपर्यंत आपण इथंच थांबू. आणि आत जायचं असेल तर सोबत बाई पोलीस लागेल, शेजारचे दोघं पंच लागतील, आणि जे न्याल त्याची यादी माझ्या हातात लागेल. इस्पितळात रोज पोलीस-केस बघणारी बाई. तिला हे पाठच असणार.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बघून म्हणाले, “मामा, उघडा.”

मामांनी मान वळवली. बाईंच्या उजव्या हातात त्याच कुलपाची चावी होती. पर्समधून काढून त्यांनी ती मुठीत धरली होती, नुसतं टोक दिसत होतं. मालकीण चावी घेऊन पाठीशी उभी, आणि आपण तिच्या दारापुढे गुडघे टेकून कुलपात आकडा फिरवतोय, असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

“मामा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कुणाचं दार उघडत नाही म्हणे.”

मामा म्हणाले, “बाई, मी नाही उघडलं तर हे फोडतील. दार तरी वाचेल.”

हे ते मनापासून म्हणाले. हे वाक्य त्यांनी याआधी किती दारांत उच्चारलं होतं, याची गणतीच नव्हती. लोकांना ते पटायचं. काही जणांनी त्याबद्दल आभारही मानले होते. बाईंनी फक्त मूठ घट्ट केली.

कुलूप उघडलं. बाईंना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि दाराशी शिपाई उभा केला. हवालदार खाली जाऊन ती रेक्झिनची पिशवी घेऊन वर आला. एका खांद्यावर झुकून चालत होता. मुलाच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला तेव्हा पिशवीची घडी करून काखेत धरलेली. मग साहेब आत गेले आणि पलंगाखालून तांब्याच्या तारेची चार वेटोळी ‘सापडली’. कारखान्यातून चोरीला गेलेला माल. बाई आतून म्हणाल्या, मला त्या खोलीत येऊ द्या. शिपाई दारातून हलला नाही. शेजाऱ्यांची दारं बंदच राहिली. आतून कड्या सरकल्याचे आवाज तेवढे मामांनी ओळखले. कड्यांचे आवाज त्यांना कळायचे.

तीन कोऱ्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या. संध्याकाळी मुलाला कारखान्याच्या फाटकावरून उचललं.

घरी येऊन मामांनी हे मामीला सांगितलं, का ते त्यांचं त्यांना ठाऊक. एरवी पोलिसांची कामं ते घरात काढत नसत. मामी भाजी निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, “तार निघताना पाहिलीत तुम्ही?”

“पिशवी जाताना पाहिली,” मामा म्हणाले.

त्या दिवशी भाजी निवडायला तिला फार वेळ लागला.

सव्वा वर्षानं साक्षीचं बोलावणं आलं. मुलगा मधे चार महिने आत राहून जामिनावर सुटला होता, नोकरी गेली होती, संप तर केव्हाच मोडला होता. हवालदार पंचनाम्याची टाइप केलेली प्रत घेऊन टपरीवर आला आणि म्हणाला, मामा, जरा नजर फिरवून ठेवा, उलटसुलट व्हायला नको. मामांनी ती खिशात ठेवली. वाचली नाही. अशा पाच-सहा साक्षी त्यांनी दिल्या होत्या. ‘होय, माझ्यासमोर झालं, सही माझीच’ एवढंच म्हणायचं आणि खाली उतरायचं. वाचायचं काय त्यात?

नर्सबाई त्यांना भेटायला आल्या नाहीत. कुणीच आलं नाही. हे सांगायला हवं, कारण मामांना कुणीतरी फितवलं असं नंतर गावभर झालं. तसं काही नव्हतं. खरं सांगायचं तर कोर्टाच्या पायऱ्या चढेपर्यंत मामांच्या मनात ‘होय, माझ्यासमोर’ हेच होतं.

सरकारी वकिलांचं पटकन झालं. मग मुलाच्या वकीलबाई उठल्या. बारीक चणीच्या, आवाज सर्दी झाल्यासारखा. त्यांनी पंचनामा हातात घेतला आणि म्हणाल्या, इथं लिहिलंय की घराला कुलूप लावून आरोपीची आई पळून गेली होती, म्हणून पंचानं हातोड्यानं कुलूप फोडून दार उघडलं. बरोबर?

मामा म्हणाले, “काय फोडलं?”

“कुलूप. हातोड्यानं.”

“मी कुलूप फोडत नाही,” मामा म्हणाले.

साहेब मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी घसा साफ केला. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार गोंधळलाय. मामा म्हणाले, गोंधळलो नाही, सहा पट्ट्यांचं कुलूप होतं ते, हातोड्यानं फोडलं असतं तर दाराची चौकट गेली असती, जाऊन बघा, चौकटीवर ओरखडा सापडला तर मी धंदा सोडतो. त्यांना इतका राग आला होता की आपण कुठं उभे आहोत हे ते विसरले. सतरा आकड्यांच्या माणसाच्या नावावर हातोडा लिहिला होता, तोही त्याच्याच सहीवर.

वकीलबाईंच्या लक्षात आलं की एक धागा हाताला लागलाय. त्यांनी तो हळूच ओढला. मग आई पळून गेली होती का? मामा म्हणाले, पळून कशाला जाईल, माझ्या पाठीशीच उभी होती, चावी घेऊन. मग तुम्ही सही केलीत तेव्हा हे असं लिहिलेलं होतं? न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मामा म्हणाले, तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणि मग पिशवीचं निघालं. ते त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं.

साक्ष संपवून मामा खाली उतरले. बाहेरच्या लांब बोळात वकीलबाई त्यांच्या मागून आल्या, त्यांना बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, मामा, आता तुम्ही जरा जपून. रस्त्यात अडवलं तर कारण विचारा. धरलं तर घरी कळवायला सांगा, मला कळवायला सांगा. कोऱ्यावर सही करू नका. आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं, ते लक्षात ठेवा. मामांनी शाळेतल्या पोरासारखं ते सगळं एकदा म्हणून दाखवलं.

दोन महिन्यांनी मुलगा केसमधून सुटला. त्यानंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी दहा वाजता, मामा गुंडाळी पिशवीत घालून सायकलवरून इस्पितळात निघाले होते. तिथल्या चादरींच्या कपाटाची चावी हरवली होती. इस्पितळाच्या फाटकाशी जीप आडवी आली. हवालदार उतरला आणि म्हणाला, “पिशवी उघड.”

वीस वर्षांत तो मामांना ‘तू’ म्हणाला नव्हता. मामांनी कारण विचारलं. हवालदार म्हणाला, संशय. कसला संशय, विचारलं, तर त्यानं पिशवी ओढून घेतली आणि गुंडाळी जीपच्या बॉनेटवर सोडली. सतरा आकडे उन्हात चमकले. येणारे-जाणारे थांबले. त्यांच्यातले निम्मे तरी मामांनी कधी ना कधी दार उघडून घरात सोडलेले असतील. फाटकाच्या आत, रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सबाई डबा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांची आणि मामांची नजरानजर झाली. मामांना त्यातही बरं वाटलं. निदान आपल्या बाजूच्या कुणीतरी पाहिलं.

ठाण्यात त्यांनी साहेबांसमोर सगळं म्हणून दाखवलं. कशासाठी धरलंय ते सांगा, घरी कळवा, वकीलबाईंना कळवा, उद्या दहाच्या आत कोर्टात न्या. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग म्हणाले, “पाठांतर चांगलं आहे. तुझ्यासमोर इतकी दारं उघडली, तेव्हा हे कुणाला शिकवावंसं वाटलं नाही?”

नंतर ते मामीला म्हणाले, हवालदारानं फायलीनं कानशिलात मारली त्याचं काही नाही, पण हा प्रश्न लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मंगळवारी संध्याकाळी मामी ठाण्यात गेली. तिला सांगितलं, इथं असं कुणी आणलेलं नाही. बुधवारी सकाळी पुन्हा गेली, पुन्हा तेच. ती निघणार एवढ्यात आतून खोकला ऐकू आला. मामांना धातूच्या बारीक चुऱ्यानं जुना खोकला होता, आधी दोन छोटे, मग एक लांब. मामी परत फिरली आणि हवालदाराला म्हणाली, हा माणूस माझ्या घरात तीस वर्षं खोकतोय, मला त्याचा खोकला ओळखायला तुमचा कागद नको. हवालदारानं मान खाली घातली आणि म्हणाला, मामी, घरी जा. ती गेली नाही. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिली. आत दर थोड्या वेळानं खोकला यायचा. आपण इथं आहोत हे कळावं म्हणून मामी मधून मधून बाहेरून खोकायची.

कागदावर मात्र वेगळंच आलं. गुरुवारी पहाटे सहा वाजता, एका बंद कापड दुकानाच्या मागच्या दाराशी, घरफोडीच्या हत्यारांसह संशयास्पद अवस्थेत आढळला, म्हणून अटक. म्हणजे चोवीस तासांची मोजणी गुरुवारपासून, आणि गुरुवारी दुपारी कोर्टात हजर. कायदा कसा तंतोतंत पाळलेला. मामांनी त्या कागदावर सही करायला नकार दिला. तेव्हा खाली लिहिलं गेलं की आरोपीनं सही करण्यास नकार दिला, आणि ते वाचताना तोच लबाड वाटत होता. पंच म्हणून दोन सह्या होत्या. एक कुणा अनोळखी माणसाची. दुसरी सलूनवाल्याची.

न्यायाधीशांनी विचारलं, काही तक्रार? मामा म्हणाले, मला मंगळवारी धरलंय, गुरुवारी नाही. न्यायाधीशांनी कागद पाहिला, साहेबांकडे पाहिलं, आणि विचारलं, कुणी पाहिलं? मामा ताबडतोब म्हणाले, इस्पितळातल्या नर्सबाईंनी. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि मामांना तुरुंगात पाठवलं.

वकीलबाई नर्सबाईंकडे जाऊन आल्या आणि मामीला फोनवर म्हणाल्या, त्या विचार करून सांगतील. तिसऱ्या दिवशी नर्सबाई स्वतः मामीकडे आल्या. सोबत सफरचंदांची पिशवी. बसल्या, पाणी प्यायल्या, खूप वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मुलाला दुसऱ्या गावी काम लागलं होतं. तिथं पोलिसांचा दाखला लागणार होता, आणि तो दाखला याच ठाण्यातून जाणार होता. त्यांनी रडत रडत सांगितलं की मी पाहिलं नाही असं खोटं मी बोलणार नाही, पण पाहिलं असं म्हणायलाही उभी राहू शकत नाही. तुमच्या मालकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मामी ऐकून घेत होती. तिला त्या बाईचा राग यायला हवा होता, तो येत नव्हता, आणि त्याचाच तिला राग येत होता. शेवटी म्हणाली, “बाई, तुमचा मुलगा सुटला, चांगलं झालं. आता उठा. मला तुरुंगात डबा द्यायला जायचंय.” सफरचंदं तिनं ठेवून घेतली. तुरुंगात बाहेरचं फळ घेतात असं तिला कळलं होतं.

सलूनवाल्याकडे ती दुसऱ्या दिवशी गेली. त्याच्या हाताखाली गिऱ्हाईक होतं, गालाला फेस. ती दारात उभी राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर तो वस्तरा पुसत म्हणाला, “मामी, मामांनी वीस वर्षं केलं. मी एकदाच केलं.” मग हळूच म्हणाला, मलाही धंदा करायचाय इथं. तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

एकोणीस दिवसांनी जामीन झाला. मामा परत आले तेव्हा टपरी जशीच्या तशी होती, फक्त फळीवर धूळ साचली होती. गुंडाळी गेली होती. ती लाखेचं सील लावून ठाण्याच्या मुद्देमालात पडली होती. मामांनी नवी पाती आणून सहा-सात आकडे घासले, पण ते काम पुढे सरकेना. आणि घासून करायचं तरी काय? गिऱ्हाईक येईना. चावीची नक्कल करून घ्यायलासुद्धा लोक पुढच्या चौकात जाऊ लागले, कारण नक्कल करायची म्हणजे घराची चावी क्षणभर त्या माणसाच्या हातात द्यायची, आणि त्याच्यावर घरफोडीची केस. कुणी तोंडावर काही बोललं नाही. उलट सगळे विचारपूस करायचे, मामा, तब्येत कशी, फार वाईट झालं, आमचा कुणाचा विश्वास नाही हो. आणि खिशातल्या चाव्या मुठीत धरून पुढे जायचे. अर्ध्या गावाचे मामा होते. आता ते नातं फारच लांबचं पडलं.

सलूनवाला आणि मामा रोज एकमेकांपासून तीन फुटांवर बसत. वीस वर्षं मामांची दाढी तो करायचा. आता मामा घरून दाढी करून येत, आणि सवय नसल्यामुळे हनुवटीखाली कापून घेत. सलूनवाल्याला ते रोज दिसायचं. एकदा त्यानं तुरटीचा खडा फळीच्या कडेला आणून ठेवला. मामांनी तो संध्याकाळपर्यंत तिथंच राहू दिला. वर्षभरानं त्यांनी टपरी विकली.

केस चार वर्षं चालली. तारखा पडायच्या, साहेब गैरहजर, साहेबांची बदली, न्यायाधीशांची बदली, कधी वकिलांचा संप. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती पायरी चढून मामांना एकदाच शहाणपण सुचलं होतं, आणि त्याच्यासाठी ती आता बत्तीस वेळा चढावी लागली. सलूनवाला साक्षीला आलाच नाही. दुसऱ्या पंचाचा पत्ता खोटा निघाला. वकीलबाईंनी ठाण्याची डायरी मागवली, तर त्या आठवड्याची पानं पाण्यानं भिजून खराब झाल्याचं उत्तर आलं. शेवटी नव्या न्यायाधीशांनी पाच मिनिटांत निकाल वाचला. पुराव्याअभावी निर्दोष.

मामांनी विचारलं, पुराव्याअभावी म्हणजे काय? वकीलबाईंनी समजावलं की पुरावा नाही, म्हणून सोडलं. मामा म्हणाले, पण मी तिथं नव्हतोच, कापड दुकानाच्या मागे मी कधीच नव्हतो, ते कुठं लिहिलंय? वकीलबाई म्हणाल्या, मामा, तसं लिहीत नाहीत. तुम्ही सुटलात, ते महत्त्वाचं. त्यांना पुढच्या कोर्टात दुसरी केस होती. बारीक चणीची ती बाई फायली छातीशी धरून पळत गेली. तिच्याबद्दल मामांच्या मनात कधी वाईट आलं नाही. या सगळ्यात आपलं काम नीट करणारी ती एकटीच, असं ते म्हणायचे.

निकालाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काही महिने ते खिशात बाळगत. ओळखीचं कुणी भेटलं की काढून दाखवत. लोक पहिली ओळ वाचत, ‘पुराव्याअभावी’पाशी थांबत, आणि ‘वा, सुटलात एकदाचे’ म्हणत. न सापडलेल्या चोराला म्हणावं, तसं. मग मामीनंच एक दिवस ती प्रत काढून कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली. सांगितलं नाही. मामांनीही शोधली नाही.

आता ते एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतात. खिळे, बिजागऱ्या, आणि कारखान्यातून डबाबंद आलेली कुलपं विकायची. हातात कुलूप घेतलं की ते कानाशी नेऊन हलवून बघतात, आणि मालक हसतो. दुकानाच्या रस्त्यानं जीप गेली की मामा काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकतात. मालकानं हेही पाहिलंय, पण त्याबद्दल तो बोलत नाही. तेवढा तो बरा आहे.

मध्यंतरी एक तरुण बाई दुकानात आली. दार लागलं होतं, चावी आत, आणि म्हातारे सासरे आतल्या खोलीत झोपलेले, त्यांना ऐकू येत नाही. तिनं घाईघाईनं विचारलं, इथं कुणी कुलूप उघडणारा मिळेल का? मालकानं मामांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, यांच्यासारखा हात अख्ख्या गावात नाही. मामा स्टुलावरून उठलेसुद्धा. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं. चेहऱ्यावर काही आणू नये एवढा सभ्यपणा तिच्यात होता. मालकाकडे वळून म्हणाली, “यांना कशाला त्रास. दुसरं कुणी असेल तर सांगा ना.”

मामा पुन्हा स्टुलावर बसले. मग त्यांनी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या चौकातल्या कुलूपवाल्याचा नंबर लिहिला. आठवायची गरज पडली नाही, पाठ होता. कागद तिच्या हातात देत म्हणाले, “त्याला सांगा, आधी शेजाऱ्यांना विचार म्हणावं. तो विसरतो.”